फाशी रद्द करायची तर कायद्यात नेमकं काय लिहावं लागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एखाद्या खासदाराने देशभर फाशी रद्द करणारं विधेयक संसदेत मांडलं, तर ते मंजूर होऊ शकतं का? त्यासाठी राज्यघटना बदलावी लागेल का? आणि तसं झालंच, तर आज ज्यांना फाशी होते ती माणसं चौदा वर्षांनी मोकळी फिरणार का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. खरी गोम तिसऱ्यात आहे. फाशीच्या बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघेही तिथे घाईने पुढे सरकतात, म्हणून मी तिथेच जास्त थांबणार आहे.

मी मुंबई उच्च न्यायालयात फौजदारी वकिली करतो. सेशन्स कोर्टाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. अशा प्रकरणांना आम्ही कन्फर्मेशन म्हणतो आणि ती मी आरोपीच्या बाजूने बरीच चालवली आहेत. फाशी जावी असं माझं ठाम मत आहे. ते आधीच सांगितलेलं बरं.

आता सोपं आधी. घटनादुरुस्तीची गरज नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात; संसद साध्या बहुमताने फाशी काढून टाकू शकते. घटनेत फाशीचा उल्लेख आहे, अनुच्छेद ७२ मध्ये राष्ट्रपतींच्या माफीच्या अधिकारात आणि अनुच्छेद १३४ मध्ये अपिलाच्या हक्कात, पण तो फाशी असेल तर काय करायचं एवढ्यापुरता. फाशी असलीच पाहिजे असं घटना कुठेही म्हणत नाही. खुद्द डॉ. आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, अपिलाच्या तरतुदीवर बोलताना, त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ असं सांगितलं होतं.

मंजूर होईल का, हे मात्र सर्वस्वी परिस्थितीवर अवलंबून आहे. सरकारने स्वतः आणलेलं विधेयक आणि एखाद्या खासदाराचं खासगी विधेयक यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. खासगी विधेयकांना शुक्रवारचे दोन-अडीच तास मिळतात, बरीचशी चर्चेलाही येत नाहीत. स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि त्यातला शेवटचा १९७० सालचा. तो कायदाही आमच्याच प्रांतातला होता: उच्च न्यायालयाने सुटका फिरवून जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेली शिक्षा दिली, तर सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क देणारा. त्यानंतर एकही नाही. तरी ब्रिटनमध्ये खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये गेली ती सिडनी सिल्व्हरमन या खासदाराच्या खासगी विधेयकानेच. तो कायदा आधी पाच वर्षांपुरता होता आणि १९६९ मध्ये कायम झाला. तिथे सरकारने सभागृहाचा वेळ दिला आणि खासदारांना आपापल्या मताप्रमाणे मतदान करू दिलं. आपल्याकडे हे दोन्ही घडलं तरच आशा.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १९३१ मध्ये गयाप्रसाद सिंह यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात तसा प्रयत्न केला. १९५८ मध्ये पृथ्वीराज कपूर यांनी, होय, तेच नट, राज्यसभेत ठराव मांडला आणि चर्चेनंतर मागे घेतला. १९६२ मधल्या लोकसभेतल्या चर्चेनंतर विषय विधी आयोगाकडे, म्हणजे कायद्यांबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या आयोगाकडे, गेला. आयोगाने १९६७ मध्ये फाशी ठेवा असा अहवाल दिला. पुढे ३१ ऑगस्ट २०१५ ला न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २६२ व्या अहवालात बरोबर उलटी शिफारस केली: दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं सोडून बाकी सगळ्या गुन्ह्यांची फाशी रद्द करा. तीन सदस्यांनी असहमती नोंदवली, त्यातले दोघे सरकारचे पदसिद्ध सदस्य होते. अहवाल तसाच पडून आहे.

उलट त्यानंतर फाशीची कलमं वाढली. २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलींवरील बलात्कारासाठी, २०१९ मध्ये बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात, आणि जुन्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत झुंडबळी आणि संघटित गुन्हेगारीच्या कलमांत. म्हणजे प्रवाह सध्या उलटा आहे. तो कधी फिरेल हे मी सांगू शकत नाही. एक मोठा हल्ला किंवा एक अमानुष बलात्कार घडला की कुठलंही सरकार हा विषय दहा वर्षं बाजूला ठेवेल.

आता मला फाशी का नको, ते सांगतो. ते तत्त्वज्ञानातून आलेलं नाही, पेपरबुकं, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांचे गठ्ठे, वाचून आलं आहे.

सेशन्स कोर्टात दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. कायदा तसा १९७३ पासून आहे. प्रत्यक्षात काय व्हायचं? सकाळी निकाल, दुपारी शिक्षेवर सुनावणी, संध्याकाळी फाशी. निकालपत्राच्या शेवटच्या पानांत आरोपीचं म्हणणं तीन ओळींत: आईवडील म्हातारे आहेत, मुलं लहान आहेत, दया करावी. लगेच पुढच्या परिच्छेदात 'दुर्मिळातील दुर्मिळ', म्हणजे फाशी देण्यासाठीची कसोटी पूर्ण झाल्याचा शिक्का. तो माणूस कुठे जन्मला, शाळेत कधीपर्यंत होता, डोक्याला मार लागला होता का, मानसिक उपचार झाले होते का, तुरुंगात कसा वागतो, काहीच नाही. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती गोळा करणं सक्तीचं केलं. आता प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल, तुरुंगाचा अहवाल, मानसोपचार तज्ज्ञांची तपासणी मागवली जाते. खालच्या कोर्टात त्याची अंमलबजावणी कशी होते हे न्यायाधीशागणिक बदलतं.

या तीन ओळींची किंमत काय असते? पुण्यातलं १९९४ चं एकाच घरातल्या सात जणांच्या हत्येचं प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यातल्या एका आरोपीची फाशी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केलं की घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. पुरावा होता राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरमधली एक नोंद, तीही वेगळ्या नावाने. कायद्याने ज्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कोंडता येत नव्हतं, तो अठ्ठावीस वर्षं तुरुंगात होता आणि त्यातली पंचवीस फाशीच्या छायेत. नोंद पहिल्या दिवसापासून त्या शाळेत होती. ती शोधायला कुणी गेलं नव्हतं.

दुसरं प्रकरण महाराष्ट्रातलंच, २००३ चं. आरोपी भटक्या समाजातले सहा जण. सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल फिरवून सगळ्यांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईंनी घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधल्या चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते आणि ते खटल्यात पुढे आणलंच गेलं नव्हतं. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. मधल्या काळात दयेचा अर्ज फेटाळला गेला असता आणि कुणी पुनर्विलोकनासाठी धडपड केली नसती, तर हे सहा जण आज नसते. अपील, पुनर्विलोकन, दयेचा अर्ज, इतके टप्पे आहेत मग चूक कशी होईल, असं मला विचारतात तेव्हा मी हे प्रकरण सांगतो. इथे चूक शेवटच्या टप्प्यावर, सर्वोच्च न्यायालयात, वाढली होती.

२००० ते २०१५ या काळात खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींपैकी वर जाऊन टिकलेल्या पाच टक्क्यांहूनही कमी होत्या, हे विधी आयोगाच्या अहवालातच आहे. २००४ पासून देशात प्रत्यक्ष फासावर गेले आठ जण. आणि फाशीच्या कैद्यांची संख्या पाचशेहून अधिक. म्हणजे ही शिक्षा सुनावली जाते भरपूर, अमलात येते क्वचित, आणि मधली पंधरा-वीस वर्षं आरोपी आणि बळी पडलेल्याचं कुटुंब दोघंही कोर्टाच्या तारखांना बांधलेले राहतात. पुण्यात २००७ मध्ये कंपनीच्या गाडीतून कामावर निघालेल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यातल्या दोघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, राष्ट्रपतींनी दयेचे अर्जही फेटाळले. मग सरकारी यंत्रणेने फाशीची तारीख ठरवायलाच इतका उशीर लावला की २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती ३५ वर्षांच्या कैदेवर आणली. त्या मुलीच्या घरच्यांना दर वेळी आशा लावून दर वेळी पुन्हा कोर्टाच्या दारात उभं करण्यात आलं. मी आरोपीच्या बाजूचा वकील आहे, पण या कुटुंबांशी आपली व्यवस्था जे करते ते क्रूर आहे, असंच मी म्हणेन.

जरब बसते का? विधी आयोगाला फाशीमुळे जन्मठेपेपेक्षा जास्त जरब बसते याचा पुरावा मिळाला नाही. २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने बलात्कारासाठी फाशी सुचवायला नकार दिला होता. बालकांवरच्या अत्याचारात आरोपी बहुतेक वेळा घरातला किंवा ओळखीचा असतो. काकाला फाशी होईल म्हटल्यावर घरातलेच तक्रार दाबतात. एवढं पुरे.

इथवरचं एकत्र करतो: घटनेचा अडथळा नाही, राजकीय अडथळा मोठा आहे, आणि फाशी जाण्याची कारणं मजबूत आहेत. आता तुमचा तिसरा प्रश्न, चौदा वर्षांचा.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हा गैरसमज आहे. १९६१ मध्ये गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ विनायक गोडसे यांच्या याचिकेतच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं संपूर्ण आयुष्य. सुटका होते ती सरकारने माफी दिली तर. मग चौदा हा आकडा आला कुठून? आता जे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७५ आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४३३-अ, त्यातून. ते म्हणतं की ज्या गुन्ह्याला फाशी ही एक शिक्षा सांगितलेली आहे त्यात जन्मठेप झाली, किंवा फाशीची जन्मठेप झाली, तर किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सोडता येणार नाही. हा सुटकेचा हक्क नाही, ही किमान मर्यादा आहे.

आता हे कलम पुन्हा वाचा आणि फाशी कायद्यातून काढून टाका. खुनाला फाशी ही शिक्षाच उरली नाही, तर कलम ४७५ खुनाला लागूच होत नाही! एका ओळीच्या विधेयकाने, 'जिथे जिथे मृत्युदंड असेल तिथे जन्मठेप वाचावी' एवढंच लिहिलं, तर चौदा वर्षांचा पायाही निसटतो. खुनाच्या कैद्याला आठ किंवा दहा वर्षांनी माफी द्यायला सरकारला कायद्याची आडकाठी राहणार नाही. तुमची भीती म्हणूनच अगदीच निराधार नाही. ती फाशी जाण्याबद्दल खरी नाही, वाईट मसुद्याबद्दल खरी आहे.

याच्या जोडीला दुसरी अडचण. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद आणि २०१५ च्या श्रीहरन या निकालांनंतर उच्च आणि सर्वोच्च न्यायालय फाशीऐवजी २०, २५, ३० वर्षं माफी न मिळणारी जन्मठेप देऊ शकतं. त्यामागचा विचार असा की फाशी फार जास्त आणि चौदा वर्षं फार कमी, म्हणून मधला मार्ग. फाशीच गेली तर हा मधला मार्ग कशाच्या मधला? त्यावर पुन्हा वाद होणार. शिवाय आज हा अधिकार सेशन्स न्यायाधीशाला नाही. एखाद्या न्यायाधीशाला जन्मठेप अपुरी वाटली तर त्याच्या हाती फाशीशिवाय काहीच नसतं. खालच्या कोर्टांत इतक्या फाशी होण्याचं हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

म्हणून मसुद्याचा गाभा इथे असायला हवा. गंभीर खुनांत आणि बलात्कारासह खुनांत सेशन्स न्यायाधीशाने कारणं देऊन किमान मुदत ठरवावी, समजा १४ ते ३० वर्षांच्या दरम्यान, आणि ती अपिलात तपासली जावी. मुदत संपली म्हणजे दार उघडलं असं नाही. त्यानंतर माफीचा विचार करणाऱ्या मंडळाने कैद्याचं वर्तन, धोका, बळी पडलेल्याच्या कुटुंबाचं म्हणणं बघून ठरवावं. आणि ते मंडळ कसं असेल हे कायद्यातच लिहावं. गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि हत्यांच्या प्रकरणातल्या ११ दोषींची २०२२ मध्ये झालेली सुटका सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ ला रद्द केली, कारण खटला महाराष्ट्रात चालला होता आणि माफी देण्याचा अधिकार गुजरात सरकारला नव्हताच. लोकांचा जन्मठेपेवर विश्वास का नाही, याचं उत्तर अशा प्रकरणांत आहे. मरेपर्यंत बाहेरच यायचं नाही, अशी सरसकट शिक्षा मात्र मला मान्य नाही. अनुच्छेद ७२ आणि १६१ खालचे राष्ट्रपती-राज्यपालांचे अधिकार साध्या कायद्याने काढता येत नाहीत, आणि बदलण्याची कुठलीच शक्यता न ठेवता माणसाला चाळीस वर्षं कोंडण्यात मला न्याय दिसत नाही.

बाकीच्या तरतुदी भराभर सांगतो. फक्त न्याय संहिता बदलून भागणार नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेले गुन्हे आजही जुन्या दंड संहितेखाली चालतात, कलम ३०२ खाली, आणि अजून बरीच वर्षं चालतील. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा), पॉक्सो, लष्कर-नौदल-हवाईदलाचे कायदे, सतीप्रतिबंधक कायदा, अॅट्रॉसिटी कायदा, सगळीकडे फाशी आहे. शिवाय राज्यांचे कायदे. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या आपल्या मकोकातही फाशी आहे आणि तो राष्ट्रपतींच्या संमतीने झालेला राज्याचा कायदा आहे. त्यामुळे केंद्राच्या विधेयकात 'अन्य कोणत्याही केंद्रीय किंवा राज्य कायद्यात काहीही असले तरी' हे शब्द हवेतच.

आणि आज फाशीच्या कोठडीत असलेल्यांचं काय? कायदा रद्द झाला तरी आधी दिलेली शिक्षा आपोआप रद्द होत नाही, रद्द झालेल्या कायद्याखालच्या शिक्षा टिकवून ठेवणारं सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं (जनरल क्लॉजेस अॅक्ट) कलम ६ आड येतं. तेव्हा प्रलंबित आणि अंतिम झालेल्या सगळ्या फाशींची जन्मठेप होईल आणि प्रत्येकाची किमान मुदत संबंधित उच्च न्यायालय ठरवेल, असं स्वतंत्र कलम लागेल. उद्या दुसऱ्या संसदेने फाशी परत आणली तर? आणू शकते. फिलिपिन्सने १९८७ मध्ये रद्द केली, १९९३ मध्ये परत आणली, २००६ मध्ये पुन्हा रद्द केली. पण गुन्हा घडताना कायद्यात होती त्यापेक्षा मोठी शिक्षा देता येत नाही, असं सांगणाऱ्या अनुच्छेद २०(१) मुळे मधल्या काळातल्या गुन्ह्यांना ती लागू होणार नाही.

दहशतवादाचा अपवाद ठेवायचा का? विधी आयोगाने ठेवला. त्याशिवाय विधेयक पुढे सरकणार नाही हे मला कळतं, आणि पहिली पायरी म्हणून कुणी तो ठेवला तर मी विधेयकाला विरोध करणार नाही. पण सगळ्यात जास्त दबावाखाली तपास होतो तो याच खटल्यांत. अक्षरधाम हल्ल्याच्या प्रकरणात तिघांना फाशी झाली होती, मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष सोडलं. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांत २०१५ मध्ये पाच जणांना फाशी झाली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांची सुटका केली. राज्याने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आहे, त्यामुळे शेवटचा शब्द तिथला. पण त्या पाचांपैकी एक जण उच्च न्यायालयाचा निकाल येण्याआधीच तुरुंगात वारला.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की सामान्य माणसाने आपल्या खासदाराकडे काय मागावं. 'फाशी रद्द करा' एवढंच लिहू नका, त्याला ठरावीक उत्तर येईल. विचारा की २६२ व्या अहवालावर सरकारची भूमिका काय आहे. विचारा की सेशन्स न्यायाधीशाला किमान मुदत ठरवण्याचा अधिकार द्यायला काय हरकत आहे. ही सुधारणा फाशी ठेवूनही करता येते, आणि तिला फाशीचे समर्थकही पाठिंबा देऊ शकतात. आणि तुमचा खासदार विधेयक मांडायला तयारच असेल, तर मसुदा आधी एखाद्या फौजदारी वकिलाकडून कलम ४७५ च्या अंगाने तपासून घ्यायला सांगा.